आधी पाणी, मग मालकी, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणजवळच्या एका गावातली मुलगी नगरनियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करते आहे. तिला 'छोट्या बेट-राष्ट्रासाठी शाश्वत जमीनवापर आराखडा' हा प्रकल्प मिळाला आहे. मालदीवचे उपग्रह नकाशे तिने उतरवून घेतले, निवासी पिवळा, व्यापारी निळा असे रंग भरायला घेतले, आणि तिथेच गाडी अडली. शेवटी तिने विचारलंय, 'यातलं आपल्या गावाला काही लागू पडतं का, की हे फक्त मार्कांपुरतं?'

रंग भरणं आधी थांबव. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गावांचे आणि छोट्या शहरांचे आराखडे करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. रंगांपासून सुरू झालेला आराखडा किनाऱ्यावर टिकलेला मला आठवत नाही. कुठे काय बांधायचं हा बेटावरचा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, प्यायचं पाणी जमिनीच्या कोणत्या तुकड्याखालून येतं? दुसरा, तो तुकडा कोणाच्या नावावर आहे? या दोन नकाशांवर बाकीचे सगळे रंग आपोआप बसतात, किंवा बसत नाहीत. बसत नसतील तर ते तसं कळणं हेच तुझ्या प्रकल्पाचं उत्तर.

आकारमान एकदा नजरेत भरू दे. मालदीवची सगळी जमीन मिळून जेमतेम ३०० चौ. किमी., तीही बाराशेच्या आसपास बेटांवर विखुरलेली. पॅसिफिकमधला नाउरू २१ चौ. किमी. बार्बाडोस ४३० च्या आसपास. मॉरिशस २,०४०. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौ. किमी. आणि २०११च्या जनगणनेत माणसं साडेआठ लाख. म्हणजे मॉरिशस हा अख्खा देश आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान, आणि माणसं दीडपट. पण खरा फरक क्षेत्रफळाचा नाही. आपल्याकडे चूक शेजारच्या गावावर ढकलता येते. कचरा त्यांच्या माळावर, चिरेखाण त्यांच्या सड्यावर म्हणजे कातळपठारावर, टँकर त्यांच्या विहिरीवरून. बेटाला शेजारचं गाव नसतं.

आता पाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण विद्यार्थी नेमकं इथेच दोन ओळींत उरकतात.

प्रवाळाच्या सखल बेटावर नदी नसते, धरण नसतं. पाऊस पडतो, वाळूत आणि प्रवाळखडकात मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं असतं. मध्ये जाड, कडेला पातळ असा तो साठा. घायबेन आणि हर्झबर्ग या अभ्यासकांनी त्याचं गणित मांडलं: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं, पण गणित उलट्या बाजूनेही चालतं. पंप लावून वरची पातळी अर्धा मीटर उतरवली, की खालचं खारं पाणी वीस मीटर वर यायला बघतं. कागदावर, अर्थात. अरुंद बेटावर भरती-ओहोटी गोडं-खारं ढवळत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात हाताशी येणारं पाणी यापेक्षा बरंच कमी.

हे कळायला तुला मालदीवला जायची गरज नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन ये. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला किल्ला, चहूबाजूंनी दर्या, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. दुसरं उदाहरण देवबागचं. एका अंगाला कर्ली खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. नकाशात ते बेट नाही, पण जमिनीखालचं पाणी बेटासारखंच वागतं. अशा पुळणीवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतल्या, विहिरीत हात-दोन हात पाणी असतं आणि ते गोड असतं, जोवर ते कळशीने काढलं जातं. मग पंप येतो. मग पर्यटकांसाठी चार खोल्या येतात, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम, आणि त्यांचा शोषखड्डा त्याच वाळूत, विहिरीपासून माडाच्या दोन आळ्यांच्या अंतरावर. पंप खालून मचूळ पाणी वर ओढतो आणि बाजूने शोषखड्ड्याचं. विहीर एकच, पण तिच्यावर दोन्हीकडून हल्ला.

तुझ्या प्रकल्पासाठी एक मोजणी सांगते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही महाग नसतो. मे महिन्यात, उधाणाच्या दिवसांत, अशा विहिरीचं पाणी सकाळी पंप लावायच्या आधी मोज आणि तीन तास पंप चालल्यावर पुन्हा मोज. भारतीय मानकात प्यायच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. पंपाआधीचा आणि पंपानंतरचा आकडा यांतला फरक त्या जमिनीची खरी क्षमता सांगतो. गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे वाक्य अहवालात लिहू नकोस. कोकणात ते सगळ्यांना पाठ असतं आणि एप्रिलात टँकरही सगळ्यांनी पाहिलेला असतो. आराखड्याचा हिशेब मेच्या शेवटच्या आठवड्याचा करायचा: पाणी सगळ्यात कमी, आणि मुंबई-पुण्याची पाहुणेमंडळी सगळ्यात जास्त. त्या आठवड्यात जेवढ्या माणसांना पाणी पुरतं, तेवढ्याच खोल्या. पर्यटनाची 'वहनक्षमता' म्हणून अहवालांत जी पानंच्या पानं असतात त्यांचा गाभा एवढाच आहे.

पाण्यावरून जमिनीचा वापर ठरवायचा म्हणजे काय करायचं, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण बार्बाडोसचं. कॅरिबियनमधलं चुनखडीचं बेट, भूजलावर अवलंबून. त्यांनी १९६३ साली बेटाचे पाच पट्टे पाडले. आधार काय घेतला? गावाची हद्द नाही, रस्ता नाही. जमिनीत सोडलेलं घाण पाणी सार्वजनिक विहिरीपर्यंत पोचायला किती दिवस घेतं, हा. ज्या जागेवरून ते तीनशे दिवसांच्या आत पोचतं, तो पहिला पट्टा. तिथे नवीन घर नाही, नवीन नळजोडणी नाही. सहाशे दिवसांच्या आतला दुसरा; तिथे घर चालेल, पण शोषविहीर साडेसहा मीटरपेक्षा खोल नको. तिसऱ्यात तेरा मीटर. पुढे अटी सैल होत जातात. नियम इतका साधा की गवंड्यालाही कळावा, आणि इतका कडक की अनेक वर्षं जमीनमालकांचा त्यावर राग राहिला. साठ वर्षांत त्यात फेरबदल झाले, पण पाण्याच्या प्रवासाचा वेळ हा आधार म्हणून मला आजही कुठल्याही रंगीत नकाशापेक्षा प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे जांभ्या दगडात पाणी फार भरभर पळतं. सड्यावर पडलेला पाऊस भेगांतून, पोकळ्यांतून उतरतो आणि सड्याच्या कडेला झऱ्यातून बाहेर येतो. त्या झऱ्याच्या खाली वाडी वसलेली असते, पोफळी-माडांना पाटाचं पाणी त्यातूनच मिळतं. आराखड्यात मात्र वाडी 'गावठाण' आणि सडा 'पडीक'. दोन वेगळे रंग, मध्ये जाड रेघ, पाण्याचा संबंध तुटलेला. सड्याला काय रंग द्यायचा याकडे मी पुढे येते.

एकच स्रोत ठेवला की काय होतं हे मालदीवची राजधानी माले हिने दाखवलं. भूजल पार बिघडल्यावर ते शहर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथे आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं. प्रकल्प वाईट नव्हता. पण एका यंत्रावर शहर उभं करणं हा जमीनवापराचाच निर्णय असतो, कारण विहिरी बाद झाल्यावर त्यांच्या भोवतालची जागा कोणी मोकळी ठेवत नाही. तुझ्या आराखड्यात प्रत्येक वस्तीला दुसरा स्रोत दाखव, मग तो छपरावरच्या पावसाची टाकी का असेना.

आता मालकी. किरिबाती या पॅसिफिकमधल्या देशात दक्षिण तरावा ही दाटीवाटीने वसलेली बेटांची माळ आहे. तिथल्या पाण्याचा मोठा भाग बोनरिकी नावाच्या राखीव पट्ट्याखालून येतो. ती जमीन सरकारची नाही, कुटुंबांची. सरकारने ती भाड्याने घेतली, वस्ती हलवली, पाणी उपसायला सुरुवात केली. तेव्हापासून तिथे तक्रार चालूच आहे: भाडं कमी, शेती-माड लावायला मनाई, आणि आमच्या जमिनीखालचं पाणी पितंय सगळं शहर. लोक राखीव पट्ट्यात परत घरं बांधतात. पाणीशास्त्र चोख असूनही आराखडा डळमळतो, कारण भाड्याचा करार कच्चा.

फिजीत सुमारे ८७ टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या कुळगटांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही, फक्त भाडेपट्ट्याने देता येते. १९७६च्या कायद्याखाली दिलेले तीस वर्षांचे शेतीपट्टे १९९७ पासून संपू लागले, बरेच नव्याने झाले नाहीत, आणि भारतीय वंशाचे कितीतरी ऊसकरी शेतकरी जमिनीवरून उठले. एक बाजू वाचवली म्हणून दुसरी वाचतेच असं नाही. वानुआतू या पॅसिफिकमधल्याच बेट-राष्ट्रातही जमीन परंपरागत मालकांचीच, पट्टा जास्तीत जास्त ७५ वर्षांचा. तरी राजधानीच्या एफाते बेटाचा बहुतेक किनारा पट्ट्याने गेलेला आहे, आणि मुदत संपल्यावर बांधकामाची भरपाई दिल्याशिवाय जमीन सहज परत येत नाही. ती भरपाई गावाला परवडणार कुठून? म्हणजे कागदावर मालक, प्रत्यक्षात बघे.

आपला सातबारा बघ. कब्जेदार सदरात तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, वारस मुंबईत लालबाग-परळपासून विरारपर्यंत पांगलेले, वाटप झालेलंच नाही. वहिवाट एका चुलत्याची, 'इतर हक्कां'त कुळाचं नाव. खोती १९४९च्या कायद्याने गेली, पण सामाईक जमिनीचा गुंता राहिला. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही हे खरं, पण राज्यात कुठेही शेतकरी असलेला माणूस इथे घेऊ शकतो, त्यामुळे ती अट गावाला राखत नाही. माझ्या अनुभवात या गुंत्याची एक चांगली बाजूही आहे, आणि ती सहसा कोणी कबूल करत नाही: तीस सह्या जमत नाहीत म्हणून कितीतरी सडे अजून शाबूत आहेत. पण तो काही संरक्षणाचा उपाय नव्हे. एखादा चतुर दलाल चार वर्षं मुंबईच्या चाळी पालथ्या घालतो, सह्या जमवतो, आणि गावाला सड्यावर कुंपण घातल्यावर कळतं.

म्हणून आराखड्याबरोबर व्यवहाराचा नमुना हवा. विकू नका हे सांगणं सोपं, ऐकणार कोण! पोराचं शिक्षण, म्हाताऱ्याचं आजारपण, घराची कौलं. त्यापेक्षा भाडेपट्टा लिहायला शिकवावा: मुदत लहान, ठरावीक वर्षांनी भाडेवाढ, विहीर आणि पाणंद यांवर गावाचा हक्क कायम, आणि मुदतीअखेर बांधकामाची भरपाई मागायची नाही हे पहिल्याच पानावर. वानुआतूची शिकवण तेवढ्या एका कलमात बसते.

आता सडा. इथे नाउरूची गोष्ट सांगायलाच हवी. २१ चौ. किमी.चा देश. मधल्या पठारावर पक्ष्यांच्या विष्ठेपासून आणि सागरी गाळापासून बनलेलं फॉस्फेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते परदेशी शेतांना खत म्हणून जात राहिलं. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, काही काळ माणशी उत्पन्नात जगात वरच्या रांगेत होता. खाण उरकली तेव्हा बेटाचा सुमारे ऐंशी टक्के भाग चुनखडीच्या सुळक्यांचं रान झालेला. माणसं किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत, मागे वापरता न येणारं पठार. १९८९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, १९९३ मध्ये तडजोड होऊन पैसे मिळाले. पठार काही मिळालं नाही.

हे वाचून सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा सडा डोळ्यांपुढे आण. महसुली कागदांत तो वरकस नाहीतर पोटखराबा, म्हणजे हलकी नाहीतर लागवडीला अयोग्य जमीन, उपग्रह नकाशात 'नापीक खडकाळ'. कागदावर ज्याची किंमत शून्य, तिथेच चिरेखाणीची परवानगी सगळ्यात सहज मिळते. प्रत्यक्षात पावसाळ्यात त्याच कातळावर गुरं चरतात, कातळाच्या खळग्यांत नाचणी-भात होतं, ऑगस्ट-सप्टेंबरात रानफुलं फुलतात, आणि त्याच कातळावर माणसांनी कोरलेली शिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. सगळ्यात मोठं काम म्हणजे खालच्या वाडीचं पाणी तो धरतो. चिऱ्याची खाण सड्याच्या मध्यावर आणि झऱ्यापासून लांब असली तर नुकसान थोडं. कडेला, झऱ्याच्या डोक्यावर असली तर वाडीचा पाट दोन-चार वर्षांत आटतो. कलमांच्या बागेसाठी सुरुंग लावून कातळ फोडतात आणि बाहेरून माती आणून भरतात, तीही हीच गोष्ट. हापूसचं नाव आलं की कोणी त्याला खाण म्हणत नाही इतकंच.

जांभा काढूच नका असं मी म्हणत नाही. जांभ्याची घरं सिमेंटच्या घरांपेक्षा इथल्या हवेला मानवतात. पण आराखड्यात सड्याला स्वतःचा वर्ग दे: 'पाणलोट सडा'. त्यात कुठे खाण चालेल, किती खोल, आणि खड्डा सोडताना काय करायचं हे लिही. तुझ्या बेट-राष्ट्राचं मधलं पठार असेल तर त्यालाही हाच न्याय.

डोंगराळ बेट निवडलं असशील, म्हणजे डॉमिनिका किंवा सेंट लुशिया, तर उताराचा नकाशाही पहिल्या रांगेत घे. २०१७च्या मारिया वादळात डॉमिनिकाचे उतार कसे खचले ते बघ, आणि २२ जुलै २०२१ ची रायगडातल्या तळियेची दरड आठव. आपल्या नियमावलीत एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको हे आहे. पण गावकरी तिथे हौसेने राहत नसतात. सपाट जागा भातशेतीला सोडलेली असते म्हणून ते वर गेलेले असतात. मनाईबरोबर खाली जागा दाखवली नाही, तर मनाईला अर्थ नाही.

किनारा हा विषय सगळ्यांना सोपा वाटतो, कारण तिथे कायदा आहे. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचा नियम, १९९१ मध्ये आला, २०११ आणि २०१९ मध्ये बदलला. २०१९च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग झाले: जिथे लोकसंख्येची घनता चौ. किमी.ला २,१६१ पेक्षा जास्त तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर, बाकी ठिकाणी २०० मीटर ना-विकास पट्टा. मुख्य भूमीला लागून असलेल्या आणि खाडीतल्या बेटांना फक्त २० मीटर. खाडीतल्या जुव्यांवर म्हणजे छोट्या बेटांवर राहणाऱ्यांना घर दुरुस्त करता यावं म्हणून ही सवलत आहे आणि ती मला पटते. पण वीस मीटरात उधाण कुठवर येतं हे तिथल्या कुठल्याही म्हातारीला विचार.

मॉरिशसकडे याहून जुनी पद्धत आहे. फ्रेंच अमलापासून तिथे किनाऱ्यालगतची पट्टी सरकारची, ८१.२१ मीटर रुंद, विक्रीला बंद. कोकणातून एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर गेलेल्या मराठी माणसांची वस्ती ज्या बेटावर आहे तिथे किनारा खासगी होऊ शकत नाही हे ऐकायला बरं वाटतं. मात्र तीच पट्टी भाडेपट्ट्याने बंगल्यांना आणि हॉटेलांना दिली जाते, आणि लोकांसाठी मोकळी पुळण त्यामानाने थोडी उरते. शिवाय २००२ पासून परदेशी लोकांना महागडे व्हिला विकण्याची योजना आली, आणि उसाच्या जमिनीवर गोल्फची मैदानं आली. आपल्याकडची 'समुद्र दिसणारं सेकंड होम' ही जाहिरात त्याच घराण्यातली.

नकाशावर रेघ मारण्यापेक्षा मला एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: पुळणीवर कोण काय करतं याची नोंद. जमीनवापराच्या नकाशात पुळण 'मोकळी जागा' असते. आता रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघ. दोन्ही दोरांवर माणसं, जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत मागे मागे सरकत जातात, मग मासळी ओतायला जागा, निवडायला जागा, नंतर जाळं पसरून वाळवायला जागा, होडी ओढून वर ठेवायला जागा. खाली छत्र्या-खुर्च्यांची रांग आली आणि वर कुंपण आलं की रापण बंद पडते. कोणी मनाई केलेली नसते, फक्त मागे सरकायला जागा नसते. माझ्या कामात मी पुळणीचा वेगळा नकाशा काढते: कुठल्या रापणसंघाची हद्द कुठवर, होड्या कुठे लागतात, बांगडा-सुंगटं कुठे सुकतात, पावसाळ्यात होड्या कुठे नेतात. हा नकाशा कार्यालयात बसून होत नाही. त्याला पहाटे किनाऱ्यावर असावं लागतं.

धुपीचं म्हणशील तर, दगडी बंधारा हा शेवटचा उपाय. १९८७ च्या मोठ्या लाटांनंतर मालेने जपानच्या मदतीने बेटाभोवती संरक्षक बांध घातला, आणि दाट वस्तीच्या राजधानीला दुसरा मार्ग नव्हता. पण बंधारा घातला की त्याच्या टोकाला पुढच्या वाडीची पुळण खचते, हा प्रकार आपल्या किनाऱ्यावर डोळ्यांनी दिसतो. त्यातच खाडीतून वाळूचा उपसा. वाळू येण्याची वाट बंद करायची आणि ती गेली म्हणून दगड टाकायचे, असं दोन्ही हातांनी चाललंय.

खारजमीन हा कोकणाचा स्वतःचा धडा आहे, आणि बेट-राष्ट्रांच्या पुस्तकांत तो सापडणार नाही. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीत भात पिकवायची ही आपली जुनी विद्या: मातीचा बांध, त्यात उघाडी, ओहोटीला आतलं पाणी बाहेर आणि भरतीला दार बंद. पेण-अलिबागच्या खारेपाटात पिढ्यान्पिढ्या गावकरी एकत्र बांध राखायचे. पुढे ते काम सरकारकडे गेलं आणि एकत्र राखण्याची सवय मोडली. बांध फुटला, दोन-तीन वर्षं दुरुस्त झाला नाही, की शेतात कांदळवन उगवतं. कांदळवनाला न्यायालयाचं आणि सीआरझेडचं संरक्षण आहे. झाड वाचतं हे चांगलंच, पण सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर जंगल, मध्ये शेतकरी लटकलेला. शाश्वत आराखड्यात या शेतकऱ्याला काय मिळणार, हे लिहिल्याशिवाय तुझा हिरवा रंग फुकटचा आहे. कांदळवन लाटा अडवतं, मासळीची पिल्लं वाढवतं; ते काम तो आपल्या जमिनीवर करू देतोय, तर त्याला वर्षाचं भाडं मिळावं असं माझं स्पष्ट मत आहे. बोनरिकीसारखा कच्चा करार मात्र नको.

तसंच वाडीचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या नारळी-पोफळी भुईसपाट झाल्या. पोफळीची बाग पुन्हा उत्पन्नाला यायला सात-आठ वर्षं लागतात, प्लॉट पाडायला एक मोजणी पुरते. वादळानंतरची ती वर्षं हीच जमीनवापर बदलण्याची वर्षं असतात. आराखड्यात आपत्तीनंतरच्या काळासाठी वेगळं कलम हवं: अमुक वर्षं वाडीचा बिगरशेती वापर नाही, आणि तेवढी वर्षं रोपं, मजुरी यांची मदत. नुसती पहिली अर्धी अट घातली तर लोक तुला गावात फिरकू देणार नाहीत.

बाकीचे विषय थोडक्यात. कचरा: मालदीवने १९९२ पासून थिलाफुशीच्या उथळ पाण्यात कचरा भरून बेटच उभं केलं; पेटत्या कचऱ्याचा धूर वर्षानुवर्षं मालेवरून दिसायचा. जागा आधी ठरवली नाही की जागा स्वतःच ठरते. भराव: हुलहुमाले १९९७ पासून समुद्र भरून, सुमारे दोन मीटर उंचीवर बांधलं, सिंगापूरनेही भरावाने ५८१ चौ. किमी.चं क्षेत्र सातशे तीसच्या पुढे नेलं. त्यांच्याकडे पैसा आणि दुसरी जागा नसल्याची सक्ती, दोन्ही होतं. कोकणात खाड्या भरण्याचं समर्थन मला यात दिसत नाही. पर्यटन: 'एका बेटावर एकच रिसॉर्ट' ही मालदीवची रीत, म्हणजे गर्दीच वेगळी ठेवायची. २०१०च्या आसपास वस्तीच्या बेटांवर पाहुणघरांना परवानगी मिळाली आणि पैसा गावात आला, त्याबरोबर देवबागसारखा विहीर-शोषखड्ड्याचा प्रश्नही. मला तरी पैसा गावात येणं पसंत आहे; सामाईक मलनिस्सारण आधी, खोल्या नंतर, एवढा क्रम पाळला तर.

तुझ्या प्रकल्पाचं म्हणशील तर मालदीव सोड, अख्खा देश एका सत्रात होणार नाही. एकच वस्तीचं बेट घे. गावासाठी करायचं असेल तर भूमी अभिलेखातून गाव नकाशा आण, त्यावर सर्व्हे नंबर राहू देत, कारण गावकरी रंग वाचत नाहीत, सर्व्हे नंबर वाचतात. त्यावर आधी विहिरी, झरे, पऱ्या म्हणजे ओढे. मग शोषखड्डे; हे कोणी विचारत नाही आणि सगळे सांगतात, फक्त घरातल्या बाईमाणसाला विचार. मग मालकी: एकट्याची, सामाईक, देवाची, सरकारी. देवरहाटीची म्हणजे देवराईची जमीन कागदावर कोणाची आहे ते खात्री करून लिही, कारण बऱ्याच ठिकाणी ती सरकारच्या नावावर निघते आणि गावाला ते ठाऊक नसतं. चौथा नकाशा उधाणाचा आणि पुराचा, माणसांच्या आठवणीवरून. हे चार एकावर एक ठेवल्यावर जिथे काहीही आडवं येत नाही, तेवढीच जागा बांधकामाला. ती फार थोडी निघेल. घाबरू नकोस, तसंच असतं.

आणि एक, मुदतीचं. सिंगापूर आपला मास्टर प्लॅन दर पाच वर्षांनी तपासतं. आपल्या १९६६च्या नगररचना कायद्यात विकास योजनेची फेरतपासणी वीस वर्षांतून एकदा. वाळूच्या पट्टीवर वीस वर्षांत किनारा कुठल्या कुठे जातो. सरकारी मुदत बदलणं तुझ्या-माझ्या हातात नाही, पण विहिरींच्या मोजणीची वही ठेवायला ग्रामपंचायतीला कोणाची परवानगी लागत नाही, आणि नव्या खोल्यांना ना-हरकत देताना ग्रामसभेत ती वही उघडता येते. तुझ्या अहवालाला परिशिष्ट म्हणून त्याच वहीचा कोरा तक्ता जोड: विहीर कोणाची, तारीख, भरतीची वेळ, पंपाआधीचा आकडा, पंपानंतरचा आकडा, जवळच्या शोषखड्ड्याचं अंतर. पहिल्या ओळी तुमच्या स्वतःच्या विहिरीच्या भर.